टाकीचं तोंड दीड फूट

४ मार्च, सकाळी सहा वाजून वीस मिनिटं

ताई,

आत्ता मी पलंगावर पाय खाली सोडून बसलोय आणि औषधाच्या टोपणातून पाणी पितोय. एक टोपण म्हणजे एक घोट. घोट गिळला की थोडं थांबायचं, तो खाली गेल्याचं कळलं की पुढचा. या मधल्या वेळात करायला काही नाही म्हणून कागद मागून घेतला. फोन तू उचलणार नाहीस. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

भावोजींनी तुला सांगितलं असेलच. मी तुला सांगितलं होतं तसा पंपाच्या कंपनीत शिकायला आलेलो नाही. परदेशात आलोय हे खरं, पण दवाखान्यात. परवा ऑपरेशन झालं आणि मी जिवंत आहे. हे वाक्य मी कच्च्या कागदावर चार वेळा लिहून बघितलं. आधी जिवंत लिहावं की आधी ऑपरेशन, ते ठरेना.

आईला साधं अपेंडिक्सचं म्हणून आत नेलं आणि दार उघडलं तेव्हा डॉक्टर एकटेच बाहेर आले, हे मी विसरलेलो नाही. तू म्हणाली होतीस, "ऑपरेशनचं नाव काढलंस तर तुझं-माझं संपलं." म्हणून नाव काढलं नाही, सरळ करून घेतलं. यावर तू काय म्हणशील ते मला इथे ऐकू येतंय.

पोट कापलेलं नाही. पाच बारीक भोकं पाडतात, त्यातून नळ्या घालतात आणि पोटाच्या वरच्या भागाला एक रबरी पट्टा बसवतात. पाइपला क्लँप बसवतो तसा. पट्ट्यापासून एक बारीक नळी बरगडीखाली कातडीच्या आत आणून ठेवलीय, तिच्या टोकाला बटणाएवढी डबी. त्या डबीत सुईने पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. वरचं पोट एवढंसं राहतं आणि थोड्यात भरतं. मला तर ही सगळी आपल्याच कामातली रचना वाटली. डॉक्टरांना तसं म्हणालो, ते हसले. दुभाषी बाईंनी काय सांगितलं कोण जाणे.

दुखत अजिबात नाही.

शेजारच्या पलंगावर आपलीच भाषा बोलणारे एक गृहस्थ आहेत. शाळेची बस चालवायचे, आता निवृत्त. एकाच एजंटाने आम्हा दोघांना आणलं. काल म्हणाले, "अरे, तीस वर्षं पोरांना ओरडलो, मागे सरका, मागे सरका. आता पोटाला ओरडतोय." हसलो तर टाके ओढले गेले.

का केलं ते एकदाच लिहितो. बारक्या सप्टेंबरअखेर काम सोडून लेकीकडे राहायला जाणार आहे. बाबा गेल्यापासून पाण्याच्या टाक्या धुवायला आत तोच उतरतो, मी वर. गेल्या वर्षी तो तापाने पडला होता म्हणून वसतिगृहाच्या टाकीत मी पाय घातले आणि पोटाशी अडकलो. अर्धा आत, अर्धा बाहेर. चौकीदाराने साबणाचं पाणी ओतलं आणि आणखी दोघांनी काखेत हात घालून मला वर ओढलं. समोरच्या गच्चीवरून पोरं फोटो काढत होती. एवढं तुला माहीत आहे. त्या संध्याकाळी वॉर्डन काय म्हणाले ते मी तुला सांगितलं नव्हतं. म्हणाले, "बारक्या आहे तोवर तुमचं काम. नंतरचं नंतर बघू." बाकीची गिऱ्हाईकंही तेच म्हणणार. टाकीत उतरणारा माणूस हल्ली पैसे देऊन मिळत नाही, मी दोन वर्षं शोधतोय. म्हणजे सप्टेंबरनंतर मी आत गेलो तर बाबांचं काम चालणार, नाही तर पाट्या उतरवायच्या.

वसतिगृहाच्या टाकीचं तोंड दीड फूट आहे. आपल्याकडचं सगळ्यात लहान. त्यातून गेलो की सगळ्यांतून जाईन.

पुढचा घोट.

तुझा भाऊ


२१ मार्च, दुपारी

ताई,

भावोजी म्हणाले तू पत्र वाचलंस आणि साखरेच्या डब्याखाली ठेवलंस. फाडलं नाहीस यावर मी समाधानी आहे. त्यांच्याशी तू आठवडाभर बोलली नाहीस असंही कळलं. ताई, त्यांनी पैसे दिले ते मी गयावया केली म्हणून. त्यांना जेवण तरी गरम वाढ.

मी घरी पोचलो. दुखत नाही असं लिहिलं होतं ते बरोबर नव्हतं. पोटाचं विशेष नव्हतं, पण खांदा असा दुखायचा की मला वाटलं हृदय बंद पडतंय. नर्सला हाताने दाखवलं, तिने हसून मला चालायला लावलं. ऑपरेशनच्या वेळी पोटात हवा भरतात, ती वर चढून खांद्यात टोचते म्हणे. बसवाले काका माझ्याबरोबर दवाखान्याच्या व्हरांड्यातून चालत होते आणि दर खिडकीपाशी "पुढचा स्टॉप" म्हणून ओरडत होते.

विमानतळावर त्या चौकटीतून जाताना पोटातली डबी वाजेल म्हणून मी डॉक्टरांचं पत्र हातात धरलं होतं. चौकट वाजलीच नाही. तरी मी पत्र दाखवलं. शिपाई बघेना म्हणून शर्ट वर करून टाके दाखवले. "चला हो पुढे," म्हणाला. मागच्या बाईंनी डोळे मिटले.

आता मी सूप, ताक आणि पातळ केलेला बटाटा यांवर आहे. भूक लागते, पण ती पोटात नाही, तोंडात असते. पाव भाजल्याचा वास आला की उठून दुसऱ्या खोलीत जातो. मग तिथे काय करायचं ते सुचत नाही म्हणून परत येतो.

बारक्याला मी खरं सांगितलं. तो म्हणाला, "पोटाला पट्टा? तो बाहेरून लावतात, मालक." मी चित्र काढून समजावलं. त्याने ते बराच वेळ उलटंसुलटं बघितलं आणि विचारलं, "गळती लागली तर?" ताई, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारायचा विसरलो होतो. त्या दिवसापासून मी रोज सकाळी डबीवर बोट ठेवून बघतो. ती असते.

काल मी अर्ध्या इंची पाइपाचं एक कडं केलं. आतून बरोबर दीड फूट. हात वर करून डोक्यातून घातलं, ते छातीवर बसलं आणि हललं नाही. बारक्या म्हणाला, "हार शोभतोय." दर रविवारी घालून बघायचं ठरवलंय. वजनकाट्यावर माझा विश्वास नाही. काट्याला टाकीत उतरायचं नसतं.

तुझा भाऊ


१९ एप्रिल, रविवार

ताई,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, मी लिहितो.

पट्टा बसवला तेव्हा तो रिकामा होता. सहा आठवड्यांनी त्यात पहिलं पाणी भरायचं, मग तो काम करू लागतो. त्यासाठी परत विमानाने जायचे पैसे नाहीत. एजंट म्हणाला होता, "तुमच्या गावातला कुठलाही डॉक्टर भरून देईल." मी पाच ठिकाणी गेलो. पहिल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कागद वाचले आणि ते मला एका बोटाने परत सरकवले. "ज्यांनी बसवला त्यांच्याकडे जा." दुसऱ्याने विचारलं, परदेशातच का गेलात? मी म्हणालो, स्वस्त होतं. ते म्हणाले, "मग आता स्वस्तातच भरून घ्या." उरलेल्या तिघांनी आत बोलावलंच नाही.

ताई, त्या आठवड्यात मला खरी भीती वाटली. भूक परत आली होती. पोटात एक वस्तू आहे आणि ती उघडायची किल्ली समुद्रापलीकडे आहे, असं वाटायचं. वजन उतरायचं थांबलं. कडं छातीवरून खाली आलं होतं, पण पोटाच्या वरच्या कडेला अडकून बसलं, तीन रविवार तिथेच.

शेवटी चपलांच्या दुकानावर एक लहान दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टर बाई तयार झाल्या. त्या पूर्वी मोठ्या इस्पितळात हेच काम करायच्या. जिना चढून गेलो, धाप लागली, बाईंनी धाप थांबेपर्यंत काहीच विचारलं नाही. मग कागद वाचले, परदेशातल्या डॉक्टरांना फोन लावला, पट्टा कुठला, किती पाणी मावतं, सगळं लिहून घेतलं. मला म्हणाल्या, "भरीन. पण माझ्या हिशोबाने, तुमच्या नाही."

पुढच्या रविवारी बोलावलंय. मी चार दिवस आधीच दाढी करून ठेवतो की काय असं बारक्या म्हणतो.

तुझा भाऊ


२७ एप्रिल

ताई,

पाणी भरून झालं. सगळं ठीक आहे. थोडी सर्दी आहे म्हणून जास्त लिहीत नाही.

तुझा भाऊ


४ मे, सकाळी

ताई,

काल डॉक्टर बाईंकडे तपासायला गेलो होतो. मी बसायच्या आधीच त्या म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचा फोन आला होता. अर्धा तास. मला विचारत होत्या, तुमचं शिक्षण किती?"

मी खुर्ची ओढून बसलो.

"मग विचारलं, माझा भाऊ खोटं बोलतो तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते तुम्हाला ठाऊक आहे का? मी नाही म्हणाले. तर त्यांनी मला ते समजावून सांगितलं. उजवी भुवई. आता मी बघतेय, खरंच की."

म्हणजे तुला त्या दोन ओळींवरून कळलं. आणि बारक्याला तू फोन केलास, आणि त्याने सगळं ओकलं. त्याला मी काही बोललो नाही. तू त्याच्याशी बोललीस, डॉक्टरांशी बोललीस, फक्त माझ्याशी नाही. तरी त्या जिन्यावरून उतरताना मी चपलांच्या दुकानाच्या आरशात बघून हसलो.

आता माझ्या तोंडून ऐक. बाईंनी सुईने पाणी भरलं. दुखलं नाही, मुंगी चावल्यासारखं. मग त्या म्हणाल्या, उभं राहून पेलाभर पाणी प्या, उतरलं तर घरी जा. मी अर्धा पेला प्यालो, उतरला. ताई, मला वाटलं हे फार सैल आहे. व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकत असलं की आपण काय करतो? दांड्यावरचा ग्लँड नट अर्धा आटा अजून आवळतो. बाबांनी तेच शिकवलं. मी म्हणालो, "बाई, थोडं अजून घट्ट करा. लांबून येतो, सारखं येणं जमत नाही." लांबून कुठला, सायकलवर दहा मिनिटं. त्यांनी थोडं वाढवलं आणि परत पेला दिला. या वेळी पाणी छातीत अडल्याचं मला कळलं. मी ते तिथेच धरून ठेवलं, उरलेलं गालात ठेवलं, आणि मान हलवून "उतरलं" म्हणून खूण केली. जिन्यात जाऊन सगळं थुंकलो.

सप्टेंबर डोळ्यांसमोर होता. तीन रविवार कडं हललं नव्हतं.

घरी आलो तर थुंकीसुद्धा गिळता येईना. बादली घेऊन बसलो. छातीत दगड ठेवल्यासारखं, आणि थुंकी येतच राहते, तिला कोण थांबवणार? मला वाटलं जरा वेळाने बसेल आपोआप. दिवे लागायच्या सुमारास बारक्या दुसऱ्या दिवशीच्या कामाची किल्ली न्यायला आला. बादली बघितली, मला बघितलं. मला स्कूटरवर मागे बसवलं. माझ्या वजनाने पुढचं चाक उचलतं म्हणून तो जवळजवळ हँडलवर झोपून चालवत होता. बाई दवाखाना बंद करून खाली उतरत होत्या. बारक्या जिन्यातच आडवा आला. "बाईसाहेब, आधी व्हॉल्व्ह उघडा, भांडण मागाहून."

त्यांनी सुई घातली आणि पाणी काढलं. मग पेला दिला. ताई, तो घोट खाली उतरला तेव्हा मला तो कानांनी ऐकू आला. मी सबंध पेला प्यालो आणि दुसरा मागितला आणि मला रडू आलं. बारक्या भिंतीवरचा डोळ्यांचा तक्ता वाचत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी पोटाचा एक्स-रे फोटो काढला. पट्टा जागेवरच आहे, घसरलेला नाही. बाई म्हणाल्या, "पोट म्हणजे नळ नव्हे. नळ सुजत नाही, पोट सुजतं. सुईच्या दिवशी बरोबर वाटलं की दुसऱ्या दिवशी ते घट्टच होणार. म्हणून सैल सोडायचं." मी म्हणालो, आता कळलं. त्या म्हणाल्या, "कळलं असेल. पण यापुढे पेला संपेपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलायचं. बोलणाऱ्या माणसाला गालात पाणी ठेवता येत नाही." काल थोडं भरलं. मी पाणी पीत पीत त्यांना आपल्या पंपांची नावं सांगितली. उतरलं.

हे सगळं खरं आहे. भुवई तुला दिसत नाही म्हणून शपथ घेतो.

तुझा भाऊ


१७ जुलै

ताई,

तुझं पत्र आलं. मी ते उभ्याउभ्याच वाचलं. एवढंच असलं तरी चालेल.

"घास बारीक कर. बोलता बोलता खाऊ नकोस. ऑपरेशन केलंस म्हणून माफ केलेलं नाही, पण केलंच आहेस तर नीट कर. बारक्याला म्हणावं स्कूटरचा ब्रेक बघून घे." बस. खाली नावसुद्धा नाही. जणू ते आणखी कोणी लिहू शकेल.

तर ऐक. घास बारीक करतो. सुपारीएवढा तुकडा, तो चावून चावून त्याची चव जाईपर्यंत. जेवताना पाणी नाही. पाव अजून बंद आहे, तो आत जाऊन फुगतो. महिन्यापूर्वी चहाच्या टपरीवर विसरलो आणि पावाचा मोठा तुकडा तोंडात टाकला. अडकला. टपरीवाला पाठीत गुद्दे घालायला धावला, बारक्याने त्याला अडवलं. "मारू नका, आत मशीन आहे." टपरीवर बसलेले सगळे एक पाऊल मागे सरकले. आता मी गेलो की टपरीवाला माझ्यापासून स्टोव्ह लांब ठेवतो.

आता एक अंडं आणि मूठभर भात यात माझं जेवण होतं. खरंच होतं, ताई. ताटात अन्न उरतं आणि मला त्याचं काही वाटत नाही, हे मला आयुष्यात माहीत नव्हतं. पहिल्यांदा उरलं तेव्हा मी ते ताट घेऊन ओट्याशी कितीतरी वेळ उभा होतो. मागून कोणी "संपव" म्हणेल असं वाटत होतं.

कातडी लोंबायला लागलीय. दंडाखाली, पोटावर. कमरेला बाबांचा चामडी पट्टा मी वापरतो, त्याला नवी भोकं पाडून पाडून टोक आता पाठीपर्यंत गेलंय. बारक्या म्हणतो, "शेपूट खोचून घ्या, मालक."

बसवाले काकांचा फोन येतो. त्यांचं उतरत नाही. मी विचारलं काय खाता, तर म्हणाले, "खात काहीच नाही रे. आइस्क्रीम पितो." ते विरघळून पट्ट्यातून खाली जातं, त्याला काही अडवत नाही. मी त्यांना रागावलो. म्हणाले, "तुझं बरं आहे. तुला कुठेतरी आत शिरायचंय. मला नुसतं बारीक व्हायचं होतं." आता दर रविवारी मी त्यांना फोन करून कड्याचं सांगतो, आणि ते मला फिरायला किती चालले ते सांगतात. गेल्या रविवारी त्यांनी आइस्क्रीमचा डबा शेजारी देऊन टाकला.

कडं पोटावरून उतरलं. हो. कमरेच्या हाडावर बसतं आता. दोन्ही हातांनी दाबलं की इकडची बाजू जाते, मग तिकडची वर येते. बारक्याने फिरवून बघितलं. "हाड आहे, मालक, ते काही उतरायचं नाही. तिरकं जायला शिका." आता रोज सकाळी अंगणात तो मला तिरकं व्हायला शिकवतो. शेजारच्या काकू विचारत होत्या, नाच बसवताय का.

तुझा भाऊ


२८ सप्टेंबर, संध्याकाळ

ताई,

हातपाय धुऊन, चहा पिऊन, स्वच्छ कागद घेऊन बसलोय. कच्चं लिहिलेलं नाही, सरळ पक्कं लिहितोय. चूक झाली तर खोडेन.

आज वसतिगृहाची टाकी होती. बारक्या परवा जाणार, म्हणून मी मुद्दाम त्याच्या शेवटच्या आठवड्यात ती धरली. मी अडकलो तर तो असावा.

पाणी काल काढलं होतं. झाकण रात्रभर उघडं, सकाळी तासभर पंख्याने हवा आत सोडली. मी बनियनच्या आत डबीवर स्पंजचा तुकडा बांधला होता, कारण तोंडाची कड लोखंडी आहे आणि ती नेमकी बरगडीखाली घासते. डॉक्टर बाईंनी स्वतः बांधून दाखवला होता. छातीला दोर. वॉर्डन छत्री घेऊन आले होते. चौकीदार साबणाच्या पाण्याची बादली घेऊन आधीच येऊन बसला होता. मला बघून बिचारा अवघडला. "आपली असावी म्हणून," म्हणाला.

पाय सोडले. गुडघे गेले. कमरेशी थांबलो. बारक्या म्हणाला, "तिरके." तिरका झालो, हाड गेलं. मग पोट कडेला टेकलं आणि ताई, मला गेल्या वर्षीचं सगळं आठवलं, ते लोखंड, ती पोरं. मला वाटलं इथून वर यावं आणि सांगावं की पाय मुरगळला.

बारक्या माझ्या तोंडाजवळ तोंड आणून हळूच म्हणाला, "श्वास सोडा."

मी सोडला. दोन्ही हात वर केले. कड छातीवरून, काखेवरून सरकत वर गेली, कानाला गार लागली, आणि मी आत होतो. शिडीची पायरी पायाने शोधत होतो तर पाय तळालाच लागले.

वर टाळ्या वाजल्या. वॉर्डन आणि चौकीदार. बारा वर्षांनी मी टाकीत उभा होतो. भिंतीला हात लावला, बुळबुळीत होती. इतकी घाण भिंत बघून आजवर कोणाला एवढा आनंद झाला नसेल.

आत माणूस असला की वरच्याने बोलत राहायचं आणि आतल्याने हुंकार द्यायचा, हा आपला नियम. हुंकार थांबला की दोर ओढायचा. आजवर वर मी असायचो, मी बडबडायचो. बारक्याला वर बसायची सवय नाही. "काय बोलू?" त्याने विचारलं. मी म्हणालो, काहीही. तर तो त्याच्या जावयावर सुरू झाला. जावई कसा नखं घरभर टाकतो, टीव्ही कसा मोठा लावतो, सासऱ्याला कसा "जरा उठता का" म्हणतो. मी ब्रश मारत होतो आणि हूं हूं करत होतो. दोन तासांत टाकी धुऊन झाली आणि जावई अजून संपला नव्हता.

बाहेर येणं अवघड जाईल अशी मला भीती होती. आत जाताना आपलं वजनच आपल्याला खाली घेऊन जातं, वर येताना ते सगळं हातांवर. हात वर काढले, कोपर टेकले, तिरका झालो, श्वास सोडला. कोणी ओढलं नाही. बारक्याने दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले होते, चुकून मदत होऊ नये म्हणून. मी गच्चीवर उताणा पडलो. चौकीदाराने बादलीकडे बघितलं आणि पाणी वाया जायला नको म्हणून जिना धुवायला घेतला.

वॉर्डन म्हणाले, "पुढच्या वर्षीचंही लिहून घ्या. आणि मुलींच्या वसतिगृहाच्या दोन." मी ओल्या हातानेच लिहून घेतलं.

आम्ही सामान गच्चीवरून खाली उतरवलं. गाडीत बसल्यावर बारक्या म्हणाला, "मालक, वरचं काम असं असतं होय?"

"कसं?"

"बसायचं. बोलायचं. गुडघा मोडावा लागत नाही."

मी हो म्हणालो.

"मग मी लेकीकडे कशाला चाललोय?" तो म्हणाला. "गुडघ्यामुळेच चाललो होतो ना? शिडी उतरवत नाही म्हणून. तिच्याकडे तरी काय, तिसरा मजला. आणि तो जावई." मग म्हणाला, "वर बसायला माणूस लागेल ना तुम्हाला?"

ताई, गेले सहा महिने मी आत जायचा विचार करत होतो. वर कोण बसणार हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी गाडी बाजूला घेतली आणि आम्ही दोघं इतके हसलो की मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून शिव्या देऊन गेला.

तिकीट त्याने परत केलं. लेकीला फोन करून "मालकांची तब्येत नाजूक आहे" असं सांगितलं. मी शेजारीच उभा होतो.

आता हिशोब. भावोजींकरवी निरोप पाठवून तू मागितला होतास, त्यांनी स्वतः नव्हे, म्हणून तुलाच लिहितो. ऑपरेशन आणि राहणं तीन लाख साठ हजार. विमान आणि एजंट सत्तर हजार. डॉक्टर बाई, सुया आणि फोटो मिळून अठरा हजार. एकूण चार लाख अठ्ठेचाळीस हजार. त्यात माझे साठवलेले एक लाख अठ्ठेचाळीस, भावोजींचे तीन लाख. एप्रिलपासून महिन्याला नऊ हजार फेडले, ते चोपन्न हजार झाले. राहिले दोन लाख शेहेचाळीस हजार. आजच्या टाकीचे साडेसहा हजार आले. बारक्याची मजुरी अठराशे, डिझेल आणि पावडर सातशे, हातात चार हजार. ते उद्या सकाळीच पाठवतो. मग देणं उरतं दोन लाख बेचाळीस हजार, म्हणजे अशा साडेसाठ टाक्या.

अर्धी टाकी कशी धुतात ते बारक्याला विचारतो.

तुझा भाऊ